फरशी निवडावी खालून वर: नाशिकमध्ये पहिलं घर करणाऱ्यांसाठी

शोरूमला जायची घाई करू नका. आधी आपल्या रिकाम्या घरात जा, उकिडवं बसा आणि दहा रुपयांच्या नाण्याने जमिनीवर टकटक करत भिंतीच्या कडेकडेने फिरा. शेजारी हसले तर हसू द्यात. जिथे आवाज खणखणीत येतो तिथे खाली भरीव आहे. जिथे ढबढब येतो तिथे पोकळी आहे, आणि त्या पोकळीवर कितीही महागडी फरशी बसवली तरी तिचं आयुष्य त्या पोकळीएवढंच.

बहुतेक जण फरशी वरून खाली निवडतात. आधी रंग, मग चकाकी, मग भाव, आणि टेम्पो दारात उभा राहिला की मिस्त्री विचारतो, "खाली काय आहे, भाऊ?" मीही पाथर्डी फाट्याच्या घरात हेच केलं. तळमजल्याचं काम, ठेकेदाराने जोत्यात भर टाकली आणि लगेच वर काँक्रीट ओढलं. तिसऱ्या पावसाळ्यात हॉलचा एक कोपरा दोन बोटं खाली गेला. मुलांचा चेंडू आपोआप त्याच कोपऱ्यात जाऊन बसायचा. फरशी चांगली होती, भाव चांगला दिला होता, दोष तिचा नव्हताच. म्हणून या लेखाचा क्रम उलटा आहे: आधी जमीन, मग माणसं, मग दगड किंवा टाइल.

पहिलं काम: खाली काय आहे ते ओळखा

नाशिकच्या बऱ्याच भागात वरचा थर काळ्या मातीचा आहे. मखमलाबाद, आडगाव, म्हसरूळ या बाजूंना जिथे परवापर्यंत द्राक्षाचे मळे होते तिथे आज प्लॉट पडलेत. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते. शेतकऱ्याला ती सोन्यासारखी, घरमालकाला मात्र डोकेदुखी. तुमचं बंगल्याचं किंवा रो-हाऊसचं काम चालू असेल तर फरशीचा पहिला निर्णय इथेच होतो. जोत्यातली काळी माती उपसून काढायची आणि मुरूम भरायचा. तोही एकदम ओतायचा नाही. सहा ते नऊ इंचाचा थर, पाणी मारायचं, धुम्मसने ठोकायचं, मग पुढचा थर. त्यावर हाताने रचलेलं दगडाचं सोलिंग आणि वर चार इंच काँक्रीट. ठेकेदार म्हणेल, "एक पावसाळा जाऊ द्या, भर आपोआप बसेल." खरंच एक पावसाळा थांबायची तयारी असेल तर उत्तम, पण तेवढं कोणी थांबत नाही, म्हणून ठोकून घ्या. ठोकाठोक चालू असताना तुम्ही जागेवर हजर राहा, एवढंच माझं म्हणणं.

तळमजल्यावर दुसरा शत्रू म्हणजे ओल. जमिनीतलं पाणी क्षार घेऊन वर चढतं, दगडाच्या सांध्यांतून पांढरी पूड बाहेर येते. आपल्याकडे त्याला लोणा म्हणतात. भिंतीच्या पायथ्याशी रंग फुगलेला दिसला तर फरशी निवडायच्या आधी ओलीचा बंदोबस्त करा. अशा घरात लाकडी लॅमिनेटचा विचारही नको, ते खालून ओल पिऊन कडांना फुगतं.

वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटला माती आणि ओल या दोन्हींची काळजी नाही, पण वजनाची आहे. सिडकोतल्या किंवा जेल रोडच्या जुन्या घरांत लोक जुन्या फरशीवरच नवी बसवतात. दोन इंच सिमेंट-वाळूचा थर टाकला तर चौरस फुटाला नऊ-दहा किलो वजन वाढतं. सहाशे चौरस फुटांच्या घरात हे साडेपाच-सहा टन झालं, फरशीचं वजन वेगळं. जुन्या स्लॅबवर हा भार घालू नका. जुनी फरशी खणखणीत वाजत असेल तर ती घासून, धुऊन तिच्यावर टाइल अॅडेसिव्हने (टाइल चिकटवायच्या तयार मसाल्याने) पातळ थरात नवी बसवता येते. पोकळ वाजत असेल तर काढावीच लागते. आणि वर फरशी चढली की दारं खाली घासतात, मग सुताराला बोलावून प्रत्येक दार खालून तासावं लागतं. हा खर्च कोणी आधी धरत नाही.

गोदाकाठची गोष्ट निराळी. गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की सराफ बाजार, भांडी बाजाराकडे लोक सामान वर चढवायला लागतात. ऑगस्ट २०१६ मध्ये तिथल्या दुकानांत पाणी शिरलं होतं. अशा ठिकाणी दगड किंवा चांगली टाइल, बस्स. गाळ खरवडून, धुऊन चारच दिवसांत घर पुन्हा वापरात यायला हवं.

दुसरं: घरात कोण चालणार

कागद घ्या आणि खोलीवार लिहा: इथे कोण चालतं, काय सांडतं, पाणी किती येतं. सत्तरीचे आजोबा असतील तर चकचकीत टाइल बाथरूमच्या आसपाससुद्धा नको. आमच्याकडे बाल्कनीत पावसाचं झोडपं आत आलं आणि सासरे गुळगुळीत टाइलवरून घसरले, मनगट मोडलं. त्या टाइलची चकाकी मी हौसेने निवडली होती.

नाशिकची थंडीही हिशोबात धरा. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचतोच, शहरातही पहाटे एक आकडी तापमान येतं. "मार्बल थंड, टाइल गरम" असं दुकानात सांगतात, त्यात फारसा अर्थ नाही. दगड आणि टाइल दोन्ही पायातली ऊब भराभर ओढून घेतात, म्हणून दोन्ही गार लागतात. लाकूड ती हळू ओढतं. ज्या घरात आजीला खाली पाटावर बसून भाजी निवडायची सवय आहे तिथे सतरंजीची सोय करा, थंडीसाठी फरशी बदलून उपयोग नाही. गुडघेदुखी असेल तर फक्त एका झोपायच्या खोलीत व्हिनाइल किंवा लाकडी फरशी चालेल. सगळ्या घरात नको.

रंगाबद्दल एवढंच: पांढऱ्याशुभ्र फरशीवर प्रत्येक केस दिसतो, काळ्या फरशीवर प्रत्येक धुळीचा पाऊल-ठसा आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग. मधल्या रंगाची, थोडी रेघोट्या-ठिपके असलेली फरशी सगळं पोटात घालते. आणि हो, दारात रोज रांगोळी काढणारं घर असेल तर उंबऱ्यासमोर गडद दगड ठेवा. क्रीम रंगाच्या टाइलवर पांढरी रांगोळी म्हणजे काढली काय न काढली काय.

तिसरं: आता माल बघा

*कोटा.* राजस्थानातल्या कोट्याचा हा चुनखडीचा दगड, हिरवट-निळसर किंवा तपकिरी. पॉलिश नीट झालं तर पंचवीस-तीस वर्षं कुठे जात नाही, पायाला चांगला लागतो, चरा पडला तरी पुन्हा घासून नवा करता येतो. टाइलला ही सोय नाही. जिने, पॅसेज, व्हरांडा, शेतावरचं घर, जिथे मातीचे पाय येणार, तिथे माझी पहिली पसंती कोट्याला. पण चुनखडी आम्लाला घाबरते. लिंबू, चिंच, ताक, द्राक्षाचा रस सांडून तसाच राहिला की पॉलिश उडून फिक्का डाग पडतो. संडास-बाथरूम धुवायचं अॅसिड तर त्यावर पडूच देऊ नका. दुकानात भाव ऐकून खूश होऊ नका, कारण बसवणं आणि पॉलिश मिळून दगडाच्या भावाच्या पुढे जाणं सर्रास घडतं. पॉलिश जागेवरच होतं, खरखरीत दगडापासून बारीक दगडापर्यंत मशीनचे पाच-सहा हात. तेवढे दिवस घरभर राखाडी चिखल आणि भिंतींवर दोन फुटांपर्यंत शिंतोडे. म्हणून शेवटचा रंग पॉलिशनंतर, फर्निचर त्याच्याही नंतर. फरशी बसवल्यावर निदान आठवडाभर पाणी मारून ती पक्की होऊ द्या, मगच मशीन लावा, नाहीतर कडा उचकटतात.

*शहाबादी.* कर्नाटकातल्या शहाबादचा राखाडी दगड. जुन्या वाड्यांच्या चौकात, न्हाणीघरात आजही टिकून आहे. अंगण, पार्किंग, गच्चीच्या कडेला ठीक. घरात आता फारसं कोणी घालत नाही.

*मोझॅक.* नव्याने फारसं कोणी बसवत नाही, पण तुम्ही जुना फ्लॅट घेतलाय आणि खाली मोझॅक आहे? उखडायच्या आधी एका खोलीत पॉलिश मारून बघा. सत्तर-ऐंशीच्या दशकातली ही फरशी वरच्या मेणाच्या आणि मळाच्या थराखाली बऱ्याचदा ठणठणीत निघते. हजारो रुपये वाचतील.

*विट्रिफाइड टाइल.* शहरात आज बहुतेक घरांत हीच, आणि त्यात चूक काही नाही. बहुतेक माल गुजरातेतल्या मोरबीहून येतो. ही टाइल भट्टीत इतकी पक्की भाजतात की पाणी अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी शोषते. साध्या सिरॅमिकपेक्षा ती टणक आणि डाग न धरणारी होण्याचं कारण हेच. पण "विट्रिफाइड" एवढाच शब्द ऐकून पैसे देऊ नका, कोणती ते विचारा. डबल चार्ज म्हणजे वर तीन-चार मिलिमीटर रंगाचा थर दाबून बसवलेला, झिजली तरी रंग जात नाही. फुल बॉडी म्हणजे आरपार एकच रंग. जीव्हीटी आणि पीजीव्हीटी म्हणजे टाइलवर छापलेलं डिझाइन आणि वर काचेसारखा पातळ थर. मार्बलसारखी दिसणारी, लाकडासारखी दिसणारी सगळी नक्षी यातच येते. दिसायला हीच सर्वांत देखणी, पण वाळूचा खडा चपलेखाली आला की चकाकीवर चरे उमटतात आणि कोपरा उडाला तर आतला वेगळा रंग दिसतो. हॉल-बेडरूमला चालेल. दुकान, क्लास, सतत वर्दळ असलेली जागा असेल तर डबल चार्ज.

*सिरॅमिक.* बाथरूम आणि बाल्कनीच्या जमिनीला मॅट फिनिशची चांगली. भिंतीची टाइल मात्र जमिनीवर कधीही लावू नका. ती खूप पाणी शोषते आणि पायाखाली टिकत नाही. स्वस्तात मिळते म्हणून हा उद्योग करणारे भेटतात.

*ग्रॅनाइट.* ओटा, उंबरे, जिन्याच्या पायऱ्या. अतिशय टणक, लिंबाला भीत नाही. सगळ्या घरात घातला तर घर बँकेच्या शाखेसारखं वाटतं, हे माझं मत.

*मार्बल.* मकराण्याचा असो की इटालियन, तो कोट्यासारखाच आम्लाला भितो, शिवाय हळद आणि तेल पितो. नाशिकच्या घरात रविवारी मिसळ होणार, तर्रीचा एक थेंब सांडणार, आणि तो पुसेपर्यंत मार्बलने पिवळा-लाल ठसा घेतलेला असणार. देवघराच्या चौकोनापुरता मार्बल घ्या, हौस फिटते.

चौथं: दुकानात काय करायचं

सोबत पाण्याची बाटली, एक जुनी चप्पल आणि शाईचं पेन न्या. टाइल उलटी करून पाठीवर थेंब टाका: विट्रिफाइड म्हणून दाखवलेल्या टाइलने तो शोषला तर ती विट्रिफाइड नाही. पुढच्या बाजूला पेनाची रेघ ओढा, दोन मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसा, रेघ राहिली तर ती टाइल नको. बाथरूमची टाइल जमिनीवर ठेवून ओली करा आणि त्यावर चप्पल घासून बघा. हाताने नाही, त्यावर उभं राहून. पेटीवर किंवा माहितीपत्रकात आर-९ ते आर-१३ अशी न घसरण्याची श्रेणी असते. आर-९ सर्वांत कमी पकड. बाथरूमला आर-१० किंवा आर-११ मागा. चकाकणाऱ्या छापील टाइलसाठी पीईआय आकडा विचारा, वरचा थर झिजेला किती टिकतो ते तो सांगतो, १ ते ५ असतो. घरातल्या चालत्या-फिरत्या खोलीला ३ च्या खाली नको.

दोन टाइल समोरासमोर तोंडं लावून धरा. मध्ये फट दिसली तर टाइल वाकलेली आहे. बसवल्यावर प्रत्येक सांध्याला कडा वर-खाली लागेल. मोठ्या टाइलमध्ये, म्हणजे दोन बाय चार फुटांच्या टाइलमध्ये, हे जास्त होतं. मोठी टाइल घेतली की सांधे कमी दिसतात हे खरं, पण लहान खोलीत तुकडे वाया जास्त जातात आणि बसवणारा तयारीचा लागतो. दहा बाय दहाच्या बेडरूमला दोन बाय दोन पुष्कळ.

शोरूमच्या दिव्यांखाली कोणतीच फरशी वाईट दिसत नाही. एक नमुना मागून घरी आणा, खिडकीजवळ दोन दिवस ठेवा. देत नसतील तर अनामत ठेवून आणा.

भाव विचारताना जीएसटी, वाहतूक आणि मजल्यावर चढवायची हमाली धरून विचारा. दोन बाय दोनची पेटी तीस किलोच्या आसपास, चौथ्या मजल्याला लिफ्ट नसेल तर हमालीच्या आकड्याने डोळे पांढरे होतात.

पाचवं: हिशोब

दोन बाय दोनची टाइल खरी असते ६०० बाय ६०० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांना जराशी कमी. म्हणून चार टाइलची पेटी १६ नाही, १५.५ चौरस फूट भरते. दहा बाय बाराची खोली घेऊ. जमीन १२०. चार इंचांचं स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) त्याच टाइलमधून काढायचं, तर परीघ ४४ फूट, दाराचे तीन वजा, ४१ फुटांचे सुमारे १४ चौरस फूट. एकूण १३४. तुकड्यांसाठी दहा टक्के वाढवले की १४७ च्या जवळ. १५.५ ने भागलं तर साडेनऊ, म्हणजे दहा पेट्या. तिरकी बसवायची असेल तर पंधरा टक्के धरा. सगळ्या पेट्यांवर शेड नंबर आणि बॅच एकच आहे ना, ते माल उतरवून घेतानाच बघा. एकदा बसवल्यावर दोन छटा दिसल्या तर भांडून काही मिळत नाही.

सहावं: बसवणं

बसवणाऱ्या कारागिराची मजुरी घासाघीस करून कमी करू नका. मालात वाचवा, मजुरीत नको. हा धडा मी पैसे मोजून शिकलो.

पहिल्या दिवशी कारागिराला सुकी मांडणी करायला लावा. माल न लावता दोन ओळी ठेवून बघायच्या, म्हणजे पूर्ण टाइल दारातून दिसेल आणि कापलेले तुकडे कपाटाखाली जातील. नाहीतर उंबऱ्याशीच तीन इंचांची चिरफळी येते आणि ती जन्मभर दिसते. मग पाण्याच्या पाइपने किंवा लेझरने सगळ्या घराची लेव्हल एक करून घ्या.

विट्रिफाइड टाइल पाणी शोषत नाही म्हणून नुसत्या सिमेंट स्लरीवर ती पक्की धरत नाही. अॅडेसिव्ह वापरा. आयएस १५४७७ या भारतीय मानकात त्याचे प्रकार दिले आहेत, पिशवीवर लिहिलेला असतो. टाइप २ च्या खालचा घेऊ नका. अॅडेसिव्ह दातेरी थापीने पूर्ण टाइलभर पसरायला हवा. पाच ठिकाणी गोळे ठेवून वर टाइल दाबायची पद्धत दिसली की तिथेच थांबवा. मधल्या पोकळीवर कपाटाचा पाय आला की टाइल तडकते.

सांधा सोडा. "बिनसांध्याची बसवतो, एकदम भारी दिसेल" असं सांगतील. ऐकू नका. आपल्याकडे जानेवारीची पहाट आणि एप्रिलची दुपार यात तापमानाचा फरक मोठा, स्लॅब आणि टाइल वेगवेगळ्या वेगाने आकसतात-पसरतात. जागाच नसेल तर एखाद्या रात्री फटकन आवाज होतो आणि मधल्या टाइल तंबूसारख्या उभ्या राहतात. दोन मिलिमीटरचे स्पेसर (टाइलमध्ये फट राखणारे प्लास्टिकचे तुकडे) आणि भिंतीच्या कडेला स्कर्टिंगखाली झाकली जाईल एवढी फट पुरते. स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या सांध्यांत इपॉक्सी ग्राउट भरा. महाग आहे, पण हळदीने सहजासहजी पिवळं पडत नाही.

बाथरूमचा उतार फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिस्त्रीला "उतार द्या" म्हणू नका, हा आकडा सांगा. ग्राउट भरायच्या आधी बादलीभर पाणी ओता आणि बघा: सगळं पाणी जाळीकडे गेलं पाहिजे. कोपऱ्यात डबकं राहिलं तर ती ओळ आत्ताच उचलायला लावा. बाथरूमची जमीन बाहेरच्यापेक्षा अर्धा-एक इंच खाली हवी.

फरशी बसवून झाल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा ते दहा रुपयांचं नाणं काढा. प्रत्येक टाइलचे चारही कोपरे आणि मध्य वाजवा, ढबढब वाजेल तिथे खडूने फुली मारा. कारागीर कुरकुर करेल. फुल्या मोजून होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.

सगळं झाल्यावर प्लास्टिक आणि वर पीओपीचा थर टाकून फरशी झाका, कारण अजून रंगारी आणि सुतार यायचेत. उरलेल्या टाइलमधून एक पूर्ण पेटी माळ्यावर ठेवा. दुकानाचं बिल आणि पेटीवरची शेड-बॅचची चिठ्ठी कापून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. पाच वर्षांनी एक टाइल फुटेल तेव्हा तुम्हाला तो नंबर आठवणार नाही, आणि तोवर दुकानदारानेही ते डिझाइन बंद केलेलं असेल.